आंबवती पायांनी मोजणारे केरू होवाळ

केरू होवाळ सरळ चालत नसत. पाच-सहा पावलं टाकली की वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे, बोटांत चोळायचे, कधी जिभेला लावायचे आणि मग पुढं. त्यांच्या बायकोचं, येसूबाईंचं म्हणणं होतं, "ह्या माणसानं भाकरीपरीस माती जास्त खाल्लीया. आणि भाकरीत मीठ कमी पडलं की मातूर लगीच कळतंय."

मी त्रेसष्ट साली नाळगावात ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हा केरूंनी पन्नाशी ओलांडली होती. ते मृदसंधारण खात्यात साखळीवाले होते. जमीन मोजायची तेहतीस फुटी लोखंडी साखळी, तिचे सोळा आणे, म्हणजे सोळा भाग. ती खांद्यावर घेऊन साहेबाच्या पुढं चालायचं, जिथं सांगतील तिथं ताणून धरायची, हे त्यांचं काम. उन्हाळ्यात ती साखळी इतकी तापायची की खांद्यावर फडकं टाकावं लागे. केरू म्हणायचे, "सरकारचा हात हाय ह्यो. गरमच असायचा."

पण मातीची विद्या त्यांना खात्यानं शिकवली नव्हती. त्यांचे वडील नाळगावचे वेसकर, म्हणजे गावची वेस आणि शीव राखणारे. शिवेवरून दोन गावांचं वाजलं की त्यांना बोलावत. ते शिवेवरून अनवाणी चालत आणि तळपायाला माती बदलली की थांबत. "हितं आपलं सपलं." दोन्ही गावं ते मान्य करायची. एवढा शब्दाला मान असलेल्या माणसाला गाव त्या बदल्यात उरलंसुरलं वाढायचं, तेही दारात उभं करून. केरूंनी वडिलांकडून विद्या घेतली, ते वाढणं मात्र घेतलं नाही. छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं ते बौद्ध झाले आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी चावडीवर जाऊन सांगून आले, "आजपास्नं वेसकरकी बंद. शीव कुठं हाय ते तुमचं तुमी हुडका."

नाळगावचे सरपंच आप्पासो यांना ते लय लागलं होतं. आप्पासो म्हणजे चाळीस एकर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ आणि आवाज असा की नदीच्या पल्याडची म्हैस दचकावी. त्यांनी पुढं सात वर्षं केरूंना जुन्याच पद्धतीनं "केऱ्या" म्हणून हाक मारली आणि केरूंनी सात वर्षं ती ऐकलीच नाही. एकदा माझ्यासमोरच झालं. आप्पासो तीनदा ओरडले. केरू साखळी गुंडाळत राहिले.

"बहिरा झालास व्हय रं?"

"कान झ्याक हायती," केरू म्हणाले. "तुमी ज्येला हाक मारताय त्यो आता ह्या गावात ऱ्हात न्हाई."

तर अशा या दोघांना एकाच बंधाऱ्याच्या गाळात उभं राहायची वेळ आली.

आंबवती ही आमची नदी. नदी म्हणायचं ते आपलं आदरानं. पावसाळ्यात ती आठ दिवस अंगात आल्यासारखी धावायची आणि संक्रांतीला वाळू उघडी पडायची. नाळगावच्या विहिरींना पाणी टिकावं म्हणून त्रेसष्टच्या उन्हाळ्यात खात्यानं गावाशेजारी एक बंधारा बांधला. आप्पासोंनी नारळ फोडला, भाषण केलं. दसऱ्याला पाहावं तर बंधाऱ्यामागं पाणी नव्हतंच. काठोकाठ गाळ. त्यात कुणाची तरी म्हैस रुतली होती आणि चार माणसं तिला शेपटीनं ओढत होती.

आप्पासोंनी खात्याच्या साहेबाला बोलावणं धाडलं. साहेब म्हणजे मदन उपाध्ये. सांगलीच्या जैन घरातला सव्वीस वर्षांचा पोरगेला माणूस, शेतकी कॉलेजात शिकलेला, पाणी गाळून पिणारा आणि सूर्य मावळायच्या आत जेवणारा. आप्पासोंनी त्याला बंधाऱ्यावर उभं केलं आणि दहा मिनिटं सोडलं नाही. साहेब नुसता घाम पुसत होता.

तेवढ्यात केरू खाली उतरले. हातातल्या पहारीनं गाळात कंबरभर खड्डा काढला आणि आत उभे राहून म्हणाले, "साहेब, जरा हिकडं बघा."

गाळाच्या भिंतीत थर दिसत होते. तळाला काळा, वर तांबूस, आणि सगळ्यात वर पांढुरका, बारीक खड्यांचा. केरूंनी तिन्हीतली चिमूट चिमूट घेतली.

"काळी शेंदुरवाडीची. तांबडी तिच्या वरल्या वाड्यांची. आन् ह्यो पांढरा खडा पार बोरजाईच्या डोंगराचा. आपली माती ह्यात मूठभर बी न्हाई. पावनी हाय सगळी."

"केरूमामा, नदीवर अशी वरती गावं किती?" साहेबानं विचारलं.

"धा. आपलं धरून अकरा."

साहेबानं नकाशा उघडला. नकाशात नाळगाव होतं, शेंदुरवाडी होती, तिच्या वरची चार गावं होती, त्यांच्यापुढं जिल्ह्याची हद्द होती आणि हद्दीच्या पलीकडं कोरा कागद. साठ साली दक्षिण सातारचा सांगली जिल्हा झाला होता. बोरजाई सातारा जिल्ह्यात राहिली, नाळगाव सांगलीत आलं, आणि ज्याचा जिल्हा त्याचा नकाशा. केरूंनी त्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं.

"साहेब, नदी ह्या कोऱ्या कागदातनं येती व्हय?"

साहेबानं नकाशा गुंडाळला. पुढच्या महिन्यात त्यानं अकराही गावांना चिठ्ठ्या धाडल्या. वरच्या पाच गावांशी त्याच्या कचेरीचा काडीचा संबंध नव्हता, पण चिठ्ठीवर सरकारी शिक्का होता आणि खेड्यात शिक्क्याचा जिल्हा कोण बघतो?

शेंदुरवाडीच्या शाळेत बैठक भरली. इतिवृत्त लिहायला मी होतो. काय लिहिणार? नाळगाव म्हणालं शेंदुरवाडीचा दोष. शेंदुरवाडी म्हणाली वरच्यांचा. वरचे म्हणाले बोरजाईचा. बोरजाईच्या वरती गावच नसल्यामुळं त्यांनी देवाकडं बोट दाखवलं. दोन तासांनी कागदावर एवढंच उरलं की चहा झाला.

मग दाराशी उभे असलेले केरू म्हणाले, "बसून नदी कळत न्हाई. उगमापास्नं नाळगावापतुर समद्यांनी चालाया पायजे. परत्येक गावाची दोन माणसं. मग कुणाचं काय त्ये डोळ्यांनी बघा."

आप्पासो गरजले, "तू कोण आमाला चालवणार?"

मागच्या भिंतीजवळून एक बाई उठली. बोरजाईची रंगुबाई धनगरीण. साठीची, काटक, कमरेला खोचलेला कोयता. बोरजाईच्या बाप्यांनी "आमाला येळ न्हाई" म्हणून तिला धाडलं होतं. "त्यो चालवीत न्हाई, चला म्हणतोय," ती म्हणाली. "तुमास्नी चालवत नसंल तर सांगा की सरळ. घरी बसून तंबाखू मळतो म्हणा."

सगळी शाळा हसली. आता मागं फिरणं आप्पासोंना शक्यच नव्हतं.

चौसष्टच्या माघात आम्ही निघालो. बावीस माणसं, साहेब, केरू, आणि रंगुबाईची चाळीस शेरडं. "त्येंना कुणापाशी ठेवू? त्यास्नी बी नदी बघू द्या," ती म्हणाली. साहेबासाठी रोज सूर्यास्ताआधी सगळ्यांना थांबावं लागे. पहिल्या दिवशी याची कुरकुर झाली, दुसऱ्या दिवसापासून माणसं दुपारी चारलाच विचारू लागली, "साहेब, दिवस कलला, न्हवं?"

बोरजाईचा डोंगर बघून आप्पासोंना जोर चढला. डोंगर कसला, तासलेलं डोकं. पांढुरका खडा पायाखालून घरंगळत होता आणि झाड म्हणावं तर पाच-सहा वाकडी खोडं.

"बघा!" त्यांनी काठी फिरवली. "ही झाडं कुणी खाल्ली? ह्या शेरडांनी! हितली माती सुटती आन् माझ्या बंधाऱ्यात बसती."

रंगुबाई शांतपणे म्हणाली, "शेरडू पाला खातंय बाबा, बुंधा न्हाई. बुंधा कुणी खाल्ला त्ये बघायचं आसंल तर खिंडीत चला."

खिंडीत दोन बैलगाड्या उभ्या होत्या, लाकडांनी खच्चून भरलेल्या. हिरवीगार लाकडं, अजून चीक ओघळत होता. गाडीवान चिलीम ओढत बसला होता. त्यानं वर पाहिलं, चिलीम लपवली आणि तोंड भरून म्हणाला, "राम राम आप्पासो! आवं, तुमी कशाला आलाय एवढ्या लांब? सांजच्याला निघतोच की. उद्या गुऱ्हाळावर माल पोच."

सगळ्यांच्या माना आप्पासोंकडं वळल्या. आमच्याकडं गूळ करायचा म्हणजे चुलवाणात खरं तर उसाची चिपाडं जाळायची. पण चिपाडं ओली राहिली, कमी पडली, की सोपा उपाय म्हणजे बोरजाईचं लाकूड. नाळगावात गुऱ्हाळं सात. बोरजाईत विकण्यासारखं दुसरं होतं काय? डोंगर गाडीत बसून नाळगावला जात होता आणि उरलेला पाण्यातून मागाहून येत होता.

आप्पासो एका दगडावर बसले. उगाच पायताण काढलं, झटकलं, पुन्हा घातलं. डोक्यावर ऊन आलं होतं. सगळ्यांची पाण्याची भांडी चढावरच रिती झाली होती. फक्त केरूंजवळचा पाण्याचा वाळका भोपळा भरलेला होता, कारण गाव लागेपर्यंत वाटेत थेंब नाही हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. इतरांना त्यांनी सकाळी सांगितलंही होतं. आप्पासोंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "केरबा, पाणी हाय का?"

सात वर्षांत पहिल्यांदा केरूंना ऐकू आलं. त्यांनी भोपळा पुढं केला. आप्पासो घटाघटा प्याले. पिताना त्यांनी डोळे मिटले होते, ते तहानेनं की आणखी कशानं, देव जाणे.

मी वही मिटली. केरू म्हणाले, "का वं भाऊसाहेब? लिवा की. दिसंल त्ये समदं लिवायचं ठरलंय, न्हवं?"

मी आप्पासोंकडं पाहिलं. ते दुसरीकडं बघत म्हणाले, "लिवा."

म्हणून इतिवृत्तात नोंद आहे: 'दुपारी बारा वाजता श्री. आप्पासो यांनी श्री. होवाळ यांच्याजवळील पाणी प्राशन केले.' खाली आप्पासोंची सही आहे.

त्या रात्री बोरजाईत भाकरी आणि लसणाचा ठेचा होता. साहेब लसूण खात नसे, त्यानं दह्यावर भागवलं, तेही उजेड असतानाच. मी केरूंना बाजूला घेऊन विचारलं, "गाड्यांचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"माहीत म्हंजे? दर आठवड्याला माझ्या दारावरनं जात्यात."

"मग बैठकीतच का नाही सांगितलं?"

"म्या सांगितलं असतं तर आप्पासोंनी मलाच खोटं पाडलं असतं. गाडीवानाला कसं पाडतील? त्यो त्येंचाच माणूस."

दुसऱ्या दिवशी शेंदुरवाडीच्या अंगानं चाललो. तिथं लोकांनी नदीचा काठ पार पाण्यापर्यंत नांगरला होता. दर पावसाळ्यात वीतभर काठ जायचा, की हे वीतभर पुढं नांगरायचे. साहेब ते समजावून सांगत असतानाच रंगुबाईची शेरडं एका हरभऱ्यात घुसली. मालकीण काठी घेऊन धावली, रंगुबाईही कमरेवर हात देऊन उभी राहिली, आणि नदीकाठच्या संवर्धनाचा विषय तासभर बाजूला पडला. शेवटी आप्पासोंनी मध्ये पडून मिटवलं. भांडण मिटवण्यात त्यांना खरा आनंद होता, फक्त आजवर ते स्वतःच एका बाजूला असायचे.

तिसऱ्या दिवशी नाळगाव आलं. केरूंनी सगळ्यांना गावविहिरीवर नेलं. विहिरीत निम्म्यापर्यंत गाळ होता आणि चार बाया दोर सोडून तळातला गढूळ गडवा वर ओढत होत्या. एक गडवा वर यायला हजेरी घ्यायला लागते तितका वेळ. रंगुबाई काठावर वाकली. खालून आलेल्या गडव्यात हात घालून तिनं तळाचा गाळ काढला, बोटांत चोळला. पांढरा खडा.

"ही तर माझ्या डोंगराची माती," ती हळूच म्हणाली. "माझ्याआधी हितं येऊन बसलीया."

दुपारी आप्पासोंच्याच खळ्यात सगळे बसले. केरूंनी आपली साखळी जमिनीवर वळणं देत पसरली. "ही आंबवती," ते म्हणाले. मग पिशवीतून अकरा पुड्या काढल्या. तीन दिवस ते दर गावात वाकत होते ते यासाठी. साखळीच्या कडेनं त्यांनी पुड्या क्रमानं रिकाम्या केल्या. पांढरी, तांबडी, काळी. कुठं हद्द नाही, जिल्हा नाही. वाचता येत नव्हतं त्यांनाही आपलं गाव ओळखू आलं. एक म्हातारा तर आपल्या ढिगाशेजारी जाऊन बसला आणि सरकेचना.

तिथं जे बोलणं झालं ते मी बारा पानं लिहिलं. ओरडाआरडी धरून. रंगुबाई म्हणाली, "डोंगर बंद करा म्हणताय. माझ्या शेरडांनी काय साहेबाचा नकाशा खायाचा?"

केरू साखळीच्या खालच्या टोकाशी बसले होते, तिथून म्हणाले, "ऊस तोडल्यावर वाडं किती निघतंय, आप्पासो?"

वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. निम्मं शेतातच वाळायचं.

"लय निघतंय," आप्पासो म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. "म्हंजे, लाकूड आणायला जाणारी गाडी आता वाडं घिऊन वर जावी, आसं म्हणतोस?"

"म्या काय म्हणलो न्हाई. तुमीच म्हणताय."

अशा रीतीनं ठरलं. नाळगावच्या गुऱ्हाळांनी लाकूड जाळायचं नाही, चिपाडं वाळवूनच चुलवाण पेटवायचं. बोरजाईनं डोंगराचे तीन भाग करून पाळीपाळीनं एकेक चराईला बंद ठेवायचा आणि त्या काळात खालून वाडं वर जायचं. मधल्या गावांनी काठापासून दहा हात नांगर घालायचा नाही, गवत वाढू द्यायचं. मातीचे बांध खालून नव्हे, वरून घालत यायचं. आणि ज्याचं जनावर बंद रानात सापडेल त्यानं एक दिवस बांधावर दगड वाहायचे. ही शेवटची सूचना रंगुबाईची. हरभऱ्याचा प्रसंग सगळ्यांच्या मनात ताजा असल्यामुळं ती लगेच मंजूर झाली.

साहेबानं ती साखळी आणि ते ढीग कागदावर उतरवले. सुरेख आराखडा झाला. पण तो वर पाठवला आणि परत आला. शेरा असा की, प्रस्तावातील निम्मे क्षेत्र या जिल्ह्यात मोडत नाही. मग तो दुसऱ्या जिल्ह्याकडं पाठवला. तिथूनही आला. शेरा तोच, निम्मं मात्र वेगळं. दोन्ही ठिकाणची माणसं भली होती, नियमाला इलाज नव्हता.

साहेब डोकं धरून बसला. केरू चहा घेऊन आले, दोन्ही शेरे त्यांनी वाचून घेतले आणि म्हणाले, "दोघंबी निम्मंच नगं म्हणत्यात न्हवं? मग द्या की ज्येचं त्येला."

साहेबानं वर पाहिलं. मग टेबलावरची कात्री उचलली आणि जिल्ह्याच्या हद्दीवरून आराखडा सरळ कापला. वरचा तुकडा एका कचेरीला, खालचा दुसऱ्या. दोन महिन्यांत दोन्ही मंजूर. माझ्या माहितीप्रमाणं ते दोन तुकडे पुन्हा कधी एका टेबलावर आले नाहीत. पण नदी एकच असल्यामुळं काम एकच झालं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. शेंदुरवाडीतल्या तिघांनी पुढच्याच वर्षी काठ नांगरला. एका गुऱ्हाळवाल्यानं गुपचूप लाकूड आणलं, त्याला आप्पासोंनी भर बाजारात असं झापलं की तो मला विचारायला आला, "भाऊसाहेब, ह्या आप्पासोंच्या गुऱ्हाळावर मागच्या साली काय जळत हुतं?" आणि बंद रानात पहिली सापडली ती रंगुबाईचीच शेरडं. तिनं नियमाप्रमाणं दिवसभर दगड वाहिले. वाहताना आम्हा सर्वांचा, साहेबाचा आणि आपल्या शेरडांच्या आयांचा उद्धार केला. संध्याकाळी तिनं रचलेला बांध केरूंनी पाहिला आणि तो सगळ्यात नीट निघाला. "उद्या बी शेरडं सोडा आक्का," ते म्हणाले, आणि एक दगड त्यांच्या पायाजवळ येऊन पडला.

सहासष्टचं साल कोरडं गेलं. त्या वर्षी नाळगावच्या विहिरीला फाल्गुनापर्यंत पाणी होतं. पूर्वी पौषातच तळ दिसायचा. दोन महिने म्हणजे फार नव्हे. पण पाणी ओढणाऱ्या बाईला विचारा, दोन महिने म्हणजे काय ते.

अडुसष्टमध्ये केरू निवृत्त झाले. निरोपाला साहेबानं हार घातला आणि अकरा गावांतून कोण कोण आलं. येसूबाई सगळ्यांत मागं बसल्या होत्या. भाषणं झाल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, साऱ्या मुलखाला त्यो उगम दावला. मला कवा?"

केरू ओशाळले. चार दिवसांनी दोघं एसटीनं आणि पुढं पायी बोरजाईला गेले. मीही बरोबर होतो. बंद ठेवलेल्या भागात गुडघाभर गवत झालं होतं, बाभळी-बोरीची रोपं छातीला लागत होती. वर एका कातळाच्या फटीतून पाणी पाझरत होतं. धार नाही, नुसता ओलावा, आणि खाली एक थेंब लोंबकळत होता.

येसूबाईंनी तो निरखून पाहिला.

"एवढंच?"

"एवढंच," केरू म्हणाले.

"आवं, ह्यापरीस माझा रांजण बरा पाझरतोय!"

आम्ही तिघंही हसत सुटलो. मग त्या कातळाशी बसल्या, ओंजळ फटीखाली धरली आणि वाट पाहू लागल्या. केरू उतरायला लागले होते, खालून हाका मारत होते की एसटी चुकेल. येसूबाईंनी मान वळवली नाही. ओंजळ भरायला बराच वेळ लागला. ती प्याल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि पुन्हा ओंजळ धरली.